धरून न राहिलेली चांदी

जामखेडकडच्या एका खेड्यातली जया एम.एस्सी. करून नगरच्या कॉलेजात पीएच.डी.ला लागली, तेव्हा तिच्या आईनं, साळूबाईनं विचारलं, "तिथं करती तरी काय गं तू?"

"चांदी चढवते."

"कशावर?"

"ग्राफीनवर. पेन्सिलीच्या शिशाचा लई पातळ पापुद्रा समज. त्यावर चांदीचे कण बसवायचे, डोळ्याला दिसनार न्हाईत एवढे बारीक."

"दिसनार न्हाई ती चांदी कशाला गं?" साळूबाई हसली.

जयाला पाण्याची गाळणी करायची होती. गावात दर पावसाळ्यात जुलाबाची साथ यायची, आणि चांदीनं जंतू मरतात हे तिनं वाचलं होतं. विषय तिनं हट्टानं मागून घेतला होता. ग्राफीनच्या तपकिरी द्रावणात ती चांदीचा क्षार थेंबाथेंबानं सोडायची, ढवळत राहायची, काळा गाळ खाली बसला की धुऊन घ्यायची. दुसऱ्या वर्षी पुण्याहून सूक्ष्मदर्शकाचे फोटो आले. कण पापुद्र्यावर अगदी सारखे पसरले होते. गाळलेल्या पाण्यात एकही जंतू वाढला नाही. तिचे मार्गदर्शक खरात सर यांनी विभागात पेढे वाटले आणि लगेच पेपर पाठवला.

मग जयाला वाटलं, गाळलेल्या पाण्यात चांदी किती येते तेही बघावं. आकडा पिण्याच्या पाण्यासाठी ठरलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर निघाला.

"सर, चांदी धरून राहात नाहीये. सुटून पाण्यात उतरतीय, म्हणून तर जंतू मरतायत. थोडे दिवस वापरली की गाळणीत काहीच उरत नाही."

सरांनी अहवाल दोनदा वाचला. "पेपरात हा मुद्दाच नाही, जया. आता कशाला काढायचा?"

"लोक पितील ना सर ते पाणी."

"कोण पिणार आहे?" सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "हे पेपरपुरतंच असतं गं."

सर वाईट नव्हते. म्हणूनच ते बोलणं तिच्या जिव्हारी लागलं. तिनं पेपरवरचं आपलं नाव काढून घेतलं आणि सरांना तो मागे घ्यावा लागला.

पुढं ती चांदी घट्ट बसवायच्या मागे लागली. गंधक असलेली संयुगं वापरली, तशी चांदी पक्की बसली. पण आता जंतू मरेनात. पकड सैल केली की जंतू मरायचे आणि चांदी वाहून जायची. मधली वाट तिला सापडलीच नाही. शिष्यवृत्ती संपली. न जमलेल्या कामावर प्रबंध होत नाही, असं सरांनी सांगितलं, आणि ती सामान घेऊन घरी आली.

"का जमत न्हाई ते तरी कळलं का?" साळूबाईनं विचारलं.

"कळलं. सुटल्याबिगर ती कामच करत न्हाई."

"मंग एवढी वर्सं?"

जया सामान उचलून आत नेऊ लागली.

आता ती जामखेडला एका खाजगी लॅबमध्ये रक्त तपासते. परवा तिथं खरात सरांच्या नव्या विद्यार्थिनीचा फोन आला. चांदी सारखी पसरत नव्हती, तिला कृती हवी होती.

"सांगते. पण ती पाण्यात सुटते, माहितीय ना?"

"हो मॅडम, सर बोललेत. ते आम्ही मोजणार नाहीयोत."

जयानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग थेंब किती सावकाश सोडायचे, ढवळणं कधी थांबवायचं, सगळं नीट सांगितलं. फोन ठेवला, तेव्हा समोर एक बाई बाही वर सारून बसली होती.