युक्रेनच्या तेलाचा नमुना

परभणी–मानवत रस्त्यावरच्या तेल कारखान्यात मी प्रयोगशाळेत काम करते. पूर्वी तिथं आपल्याकडचीच करडई गाळली जायची. मग बाहेरच्या देशाचं भांडवल आलं, जुने घाणे भंगारात गेले आणि युक्रेनहून जहाजानं येणारं सूर्यफुलाचं कच्चं तेल शुद्ध करायची यंत्रं बसली. ती बसवायला तिकडूनच एक इंजिनिअर आला होता.

त्याचं इंग्रजी मोडकं, माझंही तसंच. म्हणून आमचं जमलं. एका रविवारी मी त्याला घरी जेवायला नेलं. आईनं भाकरीसोबत वाटीत करडईचं तेल आणि चटणी वाढली. त्यानं वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले. "आमचं घर सूर्यफुलाच्या शेतातच आहे," तो म्हणाला. मी आईला मराठीत सांगितलं.

"मंग इतक्या लांब कशाला आला गं ह्यो?" आई म्हणाली.

तो परत गेला आणि काही महिन्यांत तिकडं युद्ध पेटलं. मी विचारलं, ठीक आहेस ना? उत्तर आलं, "उद्या सैन्यात भरती. आईला नमस्कार." त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक मेसेजवर एकच टिक राहिली.

जहाजं थांबली. बाजारात तेल भडकलं आणि आमच्या टाक्या कोरड्या. मॅनेजरनं सगळ्यांना आवारात बोलावलं. "तेल येईपर्यंत घरीच थांबा."

एक जुना कामगार म्हणाला, "साहेब, करडई गाळू की."

"कशावर? घाणे कुठं हायेत? आन् करडई तरी कोण पेरायलाय आता?"



त्या रिकाम्या महिन्यांत आई रोज विचारायची, "त्या लेकराचा फोन लागला का?" पुढं तिनंच विचारायचं सोडलं. मला ते जास्त लागलं.

मग जहाजं सुटली. मला परत बोलावलं. पहिल्या टँकरचा नमुना माझ्याच हातात आला. आम्लता बरोबर, ओलावा बरोबर, रंग स्वच्छ. हे बी कुणी पेरलं, कुणी कापलं, त्या शेतात अजून घर उभं आहे का, हे कुठल्याच चाचणीत कळत नाही. बाटली उजेडात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"मॅडम, पास हाय का न्हाई?"

मी सही केली.

त्या आठवड्यात कारखान्यानं प्रत्येकाला एक पिशवी तेल दिलं. आईनं त्यात भजी तळली. कुठलं तेल, हे तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझ्या घशाखाली घास उतरणार नाही असं वाटलं होतं.

उतरला. चांगली झाली होती भजी.