निम्मी गोळी, निम्मी पुडी

केरबा म्हशी घेऊन गंगावेशीत यायचा आणि गिऱ्हाइकाच्या भांड्यात समोरच धार काढून द्यायचा. चौपन्न साली तो धार काढता काढता खोकायला लागला आणि गिऱ्हाइकं भांडी झाकून दुसऱ्या म्हशीकडे वळली. क्षय निघाला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "दोन औषधं आहेत. गोळ्या आणि पुड्या. जास्त गुण कशानं येतो, हे मलाही ठाऊक नाही. चिठ्ठी काढू, निघेल ते घ्यायचं. पटत नसेल तर नेहमीचे उपचार आहेतच."

डॉक्टरलाच ठाऊक नाही म्हटल्यावर दुसरा कुणी चपला शोधायला लागला असता. केरबा बसून राहिला. गगनबावड्याला दिलेली त्याची धाकटी बहीण, बनाबाई, अशीच खोकत होती. "माझ्यावर बघा," तो म्हणाला, "आन् जे लागू पडंल ते बनीला द्या."

त्याला गोळ्या निघाल्या. शेजारच्या खाटेवरच्या पिराजीला पुड्या. आता शेजाऱ्याला न देता एकट्यानं तोंडात काही टाकणं केरबाच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. नर्सबाईंची पाठ फिरली की निम्मी गोळी तिकडं, निम्मी पुडी इकडं. चार महिने हा संसार गुण्यागोविंदानं चालला. दोघांची वजनं वाढली, खोकला हटला. जीभ काय, आधीपासूनच धडधाकट होती.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर खुशीत कागद भरायला बसले. केरबा छाती फुगवून म्हणाला, "आमी येकट्यानं काय खाल्लं न्हाय, डॉक्टर. सगळं निम्मं निम्मं केलं की."

डॉक्टरांनी खरं काय ते कागदावर लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर केरबाला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात बनाबाई आली, तोंडाला पदर लावून. "दादा, तुला कशानं गुण आला? मला त्येच द्याय सांग."

जगातल्या कुठल्याही गोष्टीवर मत असलेल्या केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "म्हाईत न्हाय, बने. मीच घोळ घातला."

डॉक्टरांनी तिलाही सगळं समजावलं. "आमच्या आळीत आनखी दोघी खोकत्यात," ती म्हणाली. "त्यास्नी तरी कळू दे." तिनं चिठ्ठी काढली.

केरबा तिच्या खाटेजवळ खाली बसला. "ह्यातलं कुणाला द्यायचं न्हाय," तो म्हणाला. "मी मागितलं तरी न्हाय."