परतीच्या तेलाचा पाइप

रशीद मिस्त्रींकडे गाडी नेली की ते आधी गाडीकडे बघतसुद्धा नसत. रद्दीतला एक जुना पेपर ओढायचे, इंजिनाखाली हाताने सपाट करून पसरायचे आणि गाडीवाल्याला म्हणायचे, "बसा, चा घ्या." चहा संपेपर्यंत गाडीला हात नाही. मग तो पेपर बाहेर काढून उन्हात धरायचा आणि त्यावर पडलेले थेंब वाचायचे. एखादा थेंब अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांत चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि मगच बोलायचं. अक्षरओळख त्यांना सहीपुरतीच होती. मी हायस्कूलात विज्ञान शिकवणारा, म्हणून माझी थट्टा ठरलेली. "गुर्जी, तुमी रोज पेपर वाचता, म्याबी वाचतो. पर माझ्या पेपरात खोटी बातमी येत न्हाय."

ढोकीत साखर कारखान्याच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. इतर गॅरेजांत देवांची नाहीतर नट्यांची कॅलेंडरं असतात. इथे मागची अख्खी भिंत खिळ्यांनी भरलेली आणि प्रत्येक खिळ्याला काहीतरी मोडकं टांगलेलं. चिरलेला पिस्टन, वितळलेलं बेअरिंग, दात उडालेलं गिअरचं चाक. मला आधी वाटलं, हे गिऱ्हाइकांना धाक घालायला असेल. विचारल्यावर म्हणाले, "ह्या माझ्या गल्त्या हायत. कुठं नट आवळायचा इसरलो, कुठं घाई केली. दुसऱ्याची गल्ती ह्या भिंतीवर न्हाय. ती ज्याची त्यानं टांगावी." नव्या माणसाला त्यातली एखादी गोष्ट ते आपणहून सांगत, आणि सांगताना त्यांना जराही ओशाळं वाटत नसे. मला त्या भिंतीचं फार कौतुक होतं. कौतुक करायला काही लागत नाही.

माझ्याकडे वडिलांची जुनी डिझेल जीप होती. वडील गेले, जीप राहिली. आईला पोटाचा आजार होता. दर पंधरा दिवसांनी बार्शीच्या दवाखान्यात न्यावं लागायचं आणि एसटीचे धक्के तिला सोसत नव्हते. जाताना घाट उतरायचा, त्यामुळे काही वाटायचं नाही. परतताना येडशीचा घाट चढायला लागलं की जीपला धाप लागायची. दोनदा पाणी उकळलं आणि आई भर उन्हात तासभर रस्त्याच्या कडेला बसून राहिली. शेवटी मी मिस्त्रींना विचारलं, "चाचा, हिला टर्बो बसवता येईल का?"

"म्हातारीला पळायला लावताय व्हय, गुर्जी?" म्हणून ते हसले. आईचं कारण सांगितलं तेव्हा हसू थांबलं. चार ठिकाणचं भंगार धुंडाळून त्यांनी एक टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, मिळवला आणि आठवडाभर खपून जीपला बसवला. गाडी सुरू केली आणि दहा मिनिटांत सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला. बघायला जमलेल्या शहाण्यांनी सांगून टाकलं, टर्बोचं तेल अडवणारं सील गेलंय, फेकून द्या.

मिस्त्रींनी पेपर पसरला, चहा घेतला, पेपर वाचला. "सील चांगलं हाय," ते म्हणाले. "तेलाला घरी जायला वाट न्हाय." टर्बोत तेल जातं ते पंपाच्या जोरावर, पेन्सिलीएवढ्या नळीतून. बाहेर येताना मात्र त्याला ढकलणारं कुणी नसतं, शिवाय आत घुसळून त्याचा फेस झालेला असतो. त्याने आपल्या वजनानेच इंजिनाच्या तळातल्या चेंबरमध्ये उतरायचं. हे मला पटवायला त्यांनी शेजारच्या गुऱ्हाळातून तांब्याभर फेसाळ काकवी मागवली आणि बारीक नळीच्या नरसाळ्यात ओतली. काकवी तटली, वर आली आणि काठावरून त्यांच्या हातावर ओघळली. "बगा. टर्बोतबी असंच तुंबतं. मंग मिळंल तिकडं शिरतं. हवंच्या वाटंनं आत शिरलं तर इंजिन तेच तेल पिऊन पळत सुटंल. डिझेल तोडलं तरी थांबायचं न्हाय." मी मान डोलावली. दाब आणि गुरुत्वाकर्षण मी दरवर्षी नववीला शिकवतो.

त्यांनी पहिल्यांदा बसवलेला पाइप बारीक होता आणि त्याचं खालचं तोंड चेंबरातल्या तेलात बुडत होतं. ती चूक त्यांची स्वतःची. पाइप त्याच दिवशी भिंतीवर गेला. मग चेंबर उतरवून तेलाच्या पातळीच्या वर नवीन भोक पाडलं, टर्बो दोन बोटं उचलून बसवला, इंजिनाची वाफ बाहेर टाकणारी नळी काजळीने चोंदली होती ती मोकळी केली आणि अंगठ्याएवढा जाड पाइप जोडला. त्याच्यावरून बोट फिरवत म्हणाले, "ह्याला नुसता उतार पायजे. कुठं पोट नको, कुठं कुबड नको. एवढं सांभाळा, मंग ही तुमच्या आईला न्हेईल आन् आणील." दुसऱ्या दिवशी पेपर कोरा निघाला. बार्शीच्या पुढच्या फेरीला जीप घाट तिसऱ्या गिअरवर चढली आणि वर आल्यावर आईने विचारलं, "आज घाट आलाच न्हाय का रे?"

मग उसाचा हंगाम लागला. शाळा सुटली की मी जीप घेऊन आमच्या उसाच्या फडाकडे जायचो. ट्रॅक्टरांनी शेतरस्त्याची चाकोरी खोल केलेली, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासत होता. एके दिवशी दगड लागला, पाइपची पकड तुटली आणि पाइप लोंबायला लागला. आमच्याकडे काहीही तुटलं, सायकलचं कॅरिअर असो की पाण्याची नळी, त्याला औषध एकच, ट्यूबची पट्टी. मी जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि पाइप ओढून वरच्या सळईला करकचून बांधला. मधोमध त्याला कुबड आलं. ते मला दिसलं होतं. हे लिहिलंच पाहिजे, कारण दिसलं नाही असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं आहे. रविवारी मिस्त्रींकडे जाऊ म्हटलं. तो रविवार गेला, पुढचाही गेला. इतकं समजावून सांगितलं तरी हे कुणी बांधलं, असं ते विचारतील आणि गुरुजींना खाली बघावं लागेल, याची लाज होती. सकाळी निळसर धूर दिसायचा तो मी थंडीवर ढकलला.

आईच्या पुढच्या फेरीला मिस्त्रीही बरोबर आले, त्यांना बार्शीत चष्मा करायचा होता. निघताना सवयीने त्यांनी पेपर मागितला. "राहू द्या चाचा, नंबर जाईल आईचा," म्हणून मीच त्यांना गाडीत बसवलं.

परतताना घाटाच्या मधल्या वळणावर इंजिनाचा आवाज आपोआप चढायला लागला. मी पाय काढला, आवाज चढतच राहिला. इंजिन बंद करायची दांडी ओढली, उपयोग झाला नाही. घाबरून ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबले, गाडी थांबली आणि इंजिन अक्षरशः किंचाळायला लागलं. मागे सगळा निळा धूर, आणि मागच्या सीटवर आई दांडी धरून डोळे मिटून बसलेली. "ब्रेक सोडू नका गुर्जी, काय बी झालं तरी!" म्हणत मिस्त्री उतरले. त्यांनी बॉनेट उघडलं, हवेचा रबरी पाइप उपसला आणि खांद्यावरची दस्ती गुंडाळून टर्बोच्या तोंडावर दाबून धरली. दस्ती आत ओढली गेली आणि तिच्यामागे त्यांचा उजवा हात. इंजिन गुदमरून थांबलं. मग त्यांचा आवाज आला, "आईला उतरवा. गाडीपसून लांब बसवा." एवढं बोलून ते रस्त्यावर खाली बसले. ज्या दोन बोटांत ते थेंब चोळायचे, ती दोन्ही गेली होती.

जीप ओढून त्यांच्याच शेडात नेली. आईची तब्येत बिघडल्यामुळे मी तिसऱ्या दिवशी गेलो. ते बांधलेला हात छातीशी धरून खुर्चीत बसले होते. पाइप जीपवरून उतरवून भिंतीवर टांगलाही होता, पहिल्या बारीक पाइपच्या शेजारच्या खिळ्याला. त्याच्यावर ट्यूबची पट्टी नव्हती. समोरच्या ट्रॅक्टरवाल्याला ते सांगत होते, "उतार चुकला माझा. गुर्जींची आई जाता जाता वाचली." मला वाटलं, पट्टी घाटातच तुटून पडली असणार. खरं सांगतो, हायसं वाटलं.

रशीदच्या टर्बोनं रशीदचीच बोटं खाल्ली, असं गावात लोक हसून बोलायला लागले. हळूहळू ट्रॅक्टरवाले दुसरीकडे जायला लागले. मिस्त्री डाव्या हाताने पाना धरायला शिकले. पेपर अजून पसरायचे, पण थेंब अंगठा आणि करंगळीत धरायची धडपड करायचे आणि तो निसटून मनगटावर ओघळायचा. मी तेवढ्यापुरतं दुसरीकडे बघायचो. तरी दर आठवड्याला जात होतो. मदतीला म्हणावं तर मदत काही करत नव्हतो. उठायच्या वेळी ते दर खेपेला विचारायचे, "अजून काय, गुर्जी?" आणि थांबायचे. मी म्हणायचो, "काही नाही, चाचा." ते म्हणायचे, "बरं."

अशी चार वर्षं गेली. त्यातच आई गेली. तिच्या तिरडीला मिस्त्रींनी खांदा दिला, आणि स्मशानातून परतताना रस्त्यात मला बाजूला घेऊन विचारलं, "अजून काय, गुर्जी?" तिथेही मी काही नाही म्हणालो. पुढे त्यांची शुगर वाढली, पायाची जखम भरेना. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर पाय काढायचं म्हणत होते. मी भेटायला गेलो तर ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. मी उठलो तशी त्यांनी मान वळवली, पण विचारलं काहीच नाही. नुसतं बघत राहिले. "आराम करा," म्हणून मी बाहेर पडलो. दोन दिवसांनी ते गेले. कब्रस्तानात सगळ्यांबरोबर मीही तीन मुठी माती टाकली.

त्यांचा चाळिसावा दिवस झाल्यावर चाचींकडे, मिस्त्रींच्या बायकोकडे, गेलो. बाजेवर टेकलो आणि पाणी यायच्या आत बोलून टाकलं. "चाची, तो पाइप मी बांधला होता. ट्यूबच्या पट्टीने. चाचांची त्यात काहीच चूक नव्हती."

चाची आत गेल्या. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात घडी घातलेला पेपर होता. त्यात ट्यूबची पट्टी होती, तेल पिऊन फुगलेली आणि सळईजवळ कापलेली. गाठ माझीच होती. मी दोनदा वळसा घालून बांधतो.

"गाडी आली त्याच दिशी काडून आणली व्हती," चाची म्हणाल्या. "म्हणले, ही माझी न्हाय, भिंतीवर लावायची न्हाय. गुर्जी सोताहून बोलले तरच द्यायची."

"रागावले होते का माझ्यावर?"

"पयल्या साली लई. मंग राग गेला. मंग नुसती वाट बगायचे. तुमी उठून गेलात की घरी यिऊन मला सांगायचे, आज बी न्हाय."

मी चाचींकडून शेडाची किल्ली घेतली आणि भिंतीवरून तो पाइप उतरवून घरी आणला. त्यांच्या भिंतीवर आता बारीक पाइपच्या शेजारी नुसता खिळा आहे. पाइप आणि पट्टी माझ्या पुढच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर टांगलेली आहेत. गाठ मी सोडलेली नाही.