धारेचा पहिला पेला

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत, मास्तर उगीच मारायचा म्हणून सोडली. म्हस पण लाथ मारते, पण कारण असल्याशिवाय न्हाय.

शिवाजी पेठेतनं मी रोज सकाळी दोन म्हशी दूधकट्ट्यावर न्यायचो. गिऱ्हाईक समोर उभं, धार थेट पेल्यात, वर फेस. पहिला पेला मी प्यायचो, सगळ्यांच्या देखत. आपल्या दुधाची हमी आपण द्यायची, कागदानं न्हाय.

त्या वर्षी मला तापानं धरलं. दुपारी चढायचा, घामानं उतरायचा, आठ दिवस गप्प, की पुन्हा हजर. कंबर अशी धरायची की धारेला बसलेला माणूस उठवायला दुसरा माणूस लागायचा. गल्लीत एका पोरीचा दवाखाना हाय. दोनदा तिच्या गोळ्या खाल्ल्या. तिसऱ्यांदा गेलो तर दाराला कुलूप. कंपाउंडर म्हणाला, "मॅडम परदेशात गेल्यात. तरुण फॅमिली डॉक्टरांचं संमेलन हाय, जगभरचं."

कट्ट्यावर सांगितलं तर सगळे पोट धरून हसले. सर्दी-पडशाच्या डॉक्टरांचं संमेलन! म्हसवाल्यांनी कधी संमेलन भरवलं न्हाय, तरी म्हशी दूध देतात. मला ही जमातच आवडत न्हाय. गळ्यात पट्टा, हॉटेलात जेवण, फोटोला रांग. इथं पेशंट कण्हतोय आणि हे तिकडं एकमेकांसाठी टाळ्या वाजवतात.

आठवड्यानं ती आली. मी विचारलं, "काय शिकलीस? काट्या-चमच्यानं जेवायला?"

"ते येत होतं, आजोबा," म्हणाली आणि विचारत बसली. म्हशी किती, धार कोण काढतं, एखादी गाभडली का. डॉक्टरनं गोळी द्यावी, गोठ्यात कशाला शिरावं?

"धाकटी गाभडली. सातव्या महिन्यात मेलेलं रेडकू पडलं."

"वार कुणी काढली?"

"कोण काढणार? मीच. कोपरापर्यंत हात घालून. हातमोजं नाजूक लोकांनी घालावं." त्या भरात पहिल्या पेल्याचं पण सांगितलं. मी फुशारकी मारत गेलो, ती लिहून घेत गेली.

मग पेन ठेवून म्हणाली, "तिकडं जेवताना शेजारी एक डॉक्टर होता, माझ्याच वयाचा. त्याचा मुलूख मेंढपाळांचा. असा येता-जाता ताप दिसला की तो आधी जनावरांचं विचारतो. मला तिथंच तुम्ही आठवलात. मी दोनदा गोळ्या दिल्या, म्हशीचं एकदाही विचारलं नाही. चुकलं माझं."

"म्हंजे विमानानं जाऊन पंगतीत शिकलीस."

"व्हय की," म्हणाली निर्लज्ज पोरगी, आणि रक्त काढून घेतलं.

चार दिवसांनी बोलावलं. रोग म्हशीचाच निघाला. मला सहा आठवडे गोळ्या, आणि जनावरांचा डॉक्टर म्हशी तपासेपर्यंत कट्टा बंद. घरात पण दूध उकळूनच.

"माझ्या दुधाला नावं ठेवतीस?"

"पाणी नाही तुमच्या दुधात, आजोबा. रोग आहे. कट्ट्यावर गरोदर बाई कुणी येते का? तिचं मूल जाऊ शकतं, त्या म्हशीचं गेलं तसं."

एक सासू रोज सुनेला घेऊन यायची. सुनेला सहावा महिना. तिचा पेला मीच काठोकाठ भरायचो, वर आणि म्हणायचो, पी पोरी, पैलवान होईल.

संमेलनांबद्दल माझं मत तेच हाय. एका पंगतीत कळणारी गोष्ट, त्यासाठी एवढा तामझाम! आणि ज्यांना शेजारी चांगला मिळत न्हाय, ते नुसतं जेवून येत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशी गोठ्यातच ठेवल्या आणि मोकळ्या हातानं कट्ट्यावर गेलो. नेहमीच्या जागेवर पेला पालथा घालून बसलो. एकजण ओरडला, "काय म्हातारबा, पाणी घालताना घावला काय?" मी त्याच्याकडं बघितलं पण न्हाय. सासू-सून येताना दिसल्या तसा कंबर धरून उठलो, आणि दोघींना त्या पोरीच्या दवाखान्यापर्यंत स्वतः घेऊन गेलो.