गुरांच्या डॉक्टरांचं ‘माझं पान’

गुरांच्या डॉक्टरांसोबत चहाला बसलं की चहा निवतो आणि किस्से वाढत जातात. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या पशुवैद्यकांच्या संघटनेचं काम घेतल्यापासून माझ्याकडे इतके साचलेत, की कोणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही!

माझं काम यूएक्स रिसर्च. लोक वेबसाइट कशी वापरतात, कुठे अडतात, ते शेजारी बसून बघायचं. आई मोहल्ल्यात सांगते, "पोरगी लोकाइच्या मोबाइलमध्ये डोकावते, त्याचा पगार भेटते!"

संघटनेला प्रत्येक सदस्यासाठी वेगळं ‘माझं पान’ असलेली साइट हवी होती. हवी होती म्हणजे सचिव रहांगडाले सरांना. लोकांच्या मागे लागून, बोलणी खाऊन त्यांनी ती उभी केली होती. अध्यक्ष बिसेन सरांचं म्हणणं एकच, "व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना बेटा! पान कायले पायजे?" साइट ठेवायची की बंद करायची, हे वार्षिक सभेत ठरणार होतं. त्यामुळे प्रत्येक टेस्ट झाली की रहांगडाले सरांचा फोन यायचा, "मॅडम, वाचेल ना आपली साइट?"

*

पहिली टेस्ट डॉ. कटरे यांची. पानावरचा पहिलाच प्रश्न होता, ‘आपल्या आवडीचे विषय निवडा.’ खाली गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा. सरांनी सगळ्यांवर टिक मारली.

मी म्हटलं, "सर, फक्त आवडीचे निवडायचे आहेत."

सरांनी चष्मा काढला. "मॅडम, दारात जनावर येते ते मले आवड इचारून येते का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तो प्रश्नच काढून टाकला!

*

मग प्रोफाइल फोटो. ‘आपला फोटो टाका’ इतकं साधं वाक्य. यात कोण चुकणार?

सगळे चुकले! कोणी गाय टाकली, कोणी बोकड, एकाने तर रेड्याचा क्लोजअप टाकला. मला वाटलं बटणाचं काहीतरी बिघडलंय. रेडेवाल्या डॉक्टरांना फोन केला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "माझं तोंड पाहून कोण ओळखते? हा रेडा मरता मरता वाचवला, पुरा तालुका ओळखते याले!"

आमच्या डिझायनरने गोल फोटोंची जागा मुकाट्याने चौकोनी केली. शिंगं कापली जात होती.

*

अर्जुनी मोरगावकडे डॉ. मेश्राम मॅडमसोबत एक दिवस फिरले. आमच्या कामात एक पद्धत असते, वापरणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. मॅडम गोठ्यात गाय गाभण आहे का ते तपासत होत्या. उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत आणि डाव्या हातात मोबाइल. मी म्हटलं, "मॅडम, नंतर करू."

"नंतर कधी? नंतर दुसरी गाय आहे!" असं म्हणत त्यांनी लॉगिन केलं. बटण अंगठ्याच्या टप्प्यात येईना, तेव्हा मान वाकवली आणि नाकाने दाबलं! पान उघडलं. वर तोंडाने शांतपणे सांगत होत्या, "लिहून घ्या, बटण खाली पायजे. आणि गाय गाभण आहे."

मी कॉलेजात ॲक्सेसिबिलिटीवर, म्हणजे हात मोकळे नसलेल्यालाही साइट कशी वापरता येईल यावर, अख्खा पेपर लिहिला होता. त्यात नाक नव्हतं. खरं सांगते, त्या दिवशी मी भारावून गेले.

*

आता कार्डांचं ऐका. साइटवरच्या प्रत्येक गोष्टीचं एक कार्ड करायचं आणि सदस्यांना सांगायचं, तुम्हाला पटतील तसे गठ्ठे लावा. आमच्या डोक्यात गठ्ठे तयार होते. प्रशिक्षण, परिपत्रकं, विमा, सभा.

तीन तालुक्यांत तीन गट बसवले. एकमेकांशी बोलणं नाही, भेट नाही. आणि तिन्ही गटांनी तेच गठ्ठे लावले: पावसाळ्याआधी, रोवणीत, धान कापणीनंतर, लगनसराईत! लसीकरणाची माहिती पहिल्या गठ्ठ्यात, खांदेसुजीची दुसऱ्यात. बैल चिखलात उतरतो तेव्हाच त्याचा खांदा सुजतो, मग माहितीही तेव्हाच हवी!

‘वार्षिक सभा’ हे कार्ड मात्र लगनसराईच्या गठ्ठ्यात उलटं ठेवलेलं. मी विचारलं, "हे उलटं काऊन?"

"तेव्हा ठेवाल तर कोणी येणार नाही, म्हणून."

*

एकदाच कोणी हसलं नाही. निवृत्त झालेल्या डॉ. बन्सोड सरांनी पान उघडलं. बदली, बढती, प्रशिक्षण यातलं त्यांना काहीच लागू नव्हतं, म्हणून साइटने लिहिलं, ‘आपल्यासाठी नवीन काही नाही.’ सरांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि मोबाइल खाली ठेवला. "बरोबरच आहे म्हणा," ते म्हणाले.

मला फार लागलं ते. आता त्यांच्या पानावर नव्या डॉक्टरांचे प्रश्न येतात. परवा सरांचा मेसेज आला, "मॅडम, जेवायलेही उसंत नाही! थोडं कमी करा!"

*

आणि मग ती सभा. लगनसराई टाळून ठेवलेली, म्हणून हॉल गच्च. बिसेन सर उभे राहिले. "साइट बंद करावी असं ज्याइले वाटते, त्याइनं हात वर करा." स्वतःचा उजवा हात त्यांनी आधी वर केला. मागोमाग बरेच हात वर गेले. रहांगडाले सरांचा चेहरा पार उतरला.

तेवढ्यात बिसेन सरांचा फोन वाजला. चोरखमारा गावाकडे नवीनच रुजू झालेली डॉ. स्नेहा. गाय अडली होती आणि पोरगी एकटी होती. तिने ‘माझं पान’वर मदत मागितली, तर साइटने अडलेल्या गाईंचा सगळ्यात जास्त अनुभव असलेल्या सदस्याला फोन लावून दिला. बिसेन सरांनी स्वतः ते पान कधी उघडलंही नव्हतं, माहिती रहांगडाले सरांनी भरली होती!

"सर, एकच पाय आलाय... दुसरा आत दुमडलाय..." आवाज रडवेला झाला होता.

सरांनी स्पीकर लावला. "घाबरू नको बेटा, मी आहो. आधी वासरू मागं ढकल. कळ आली का थांब. आता खूर तळव्यात झाक... हं, हळू..."

आणि मी जे पाहिलं ते जन्मात विसरणार नाही. अख्ख्या हॉलमधले उजवे हात हवेत ढकलत होते, थांबत होते, वळत होते. कोणाला भान नव्हतं. डोळे मिटून सगळे ते खूर शोधत होते!

खजिनदार मात्र नियमाचा माणूस. तो कुजबुजला, "सर, ठरावाचे हात मोजू का?"

"चूप रे!" बिसेन सर ओरडले. "सारे हात गाईत आहेत!"

मग फक्त स्नेहाचा श्वास ऐकू येत होता. "आलं सर बाहेर, पण श्वास घेत नाही!" सर म्हणाले, "नाकात तणसाची काडी घाल." आणि स्पीकरवर वासरू शिंकलं.

कोणी टाळी वाजवली नाही. शेजारचे डॉ. कटरे रुमालाने चष्मा पुसत होते. रहांगडाले सरांनी घसा साफ केला. "सर, इतिवृत्तात काय लिहू?"

बिसेन सर आता फोन कानाला लावून स्नेहाचं ऐकत होते.

"लिहा," ते म्हणाले, "कालवड झाली. तिघीही सुखरूप."