थांबल्यावरचा ठोका

गॅरेजातले लोक त्याला कानसेन म्हणत. इंजिन सुरू झालं की बोनेट उघडण्याआधीच तो दुखणं सांगायचा. पन्नाशीनंतर कानांनी दगा दिला; जवळचं बोलणं कळायचं, गाडीचे आवाज नाही. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. बहिरा मेकॅनिक मालक ठेवून घेईल का, ही त्याची धास्ती.

मेहुण्याचा ट्रक परत आला तेव्हा ती वाढली.

"भावोजी, क्रॉस बदललात, पण ठोका जिथल्या तिथे! गाडी थांबली की मागून कोणीतरी लाथ घालतं."

मागच्या खेपेला मेकॅनिकला काहीच ऐकू आलं नव्हतं. मान डोलावून त्याने अंदाजाने मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या शाफ्टचा सांधा, म्हणजे क्रॉस, बदलला होता.

"चल, फिरवून आणू."

मेहुण्याने ब्रेक दाबला. "आला! ऐकलात?"

"परत दाब."

या वेळी मेकॅनिकने बूट काढून तळपाय केबिनच्या पत्र्यावर टेकवला. चाकं थांबली आणि क्षणभर उशिरा पायाला धक्का बसला. खिळखिळा क्रॉस गाडी सुटतानाही वाजला असता. हा फक्त थांबल्यावर येत होता. गाडी थांबली की मागचा धुरा थोडा हलतो, तेव्हा शाफ्टने आपल्या सरकत्या जोडात अलगद सरकायचं असतं. इथे तो अडकत होता, मग झटक्याने सुटत होता.

"जोड कोरडा पडलाय."

"कोरडा? दर फेरीआधी ग्रीस मारतो मी!"

मेकॅनिक गाडीखाली सरपटला. मेहुण्याने हौसेने ट्रक रंगवून घेतला होता आणि रंगाऱ्याने शाफ्टही सोडला नव्हता. ग्रीस भरायच्या निपलवर रंगाचं बूच बसलं होतं. ग्रीस बाहेरच पसरायचं. मेहुणा ते पुसायचा आणि जोड भरला असं समजायचा.

"नटवलीस छान, पण तोंड शिवून टाकलंस की रे तिचं!"

खडूने खुणा करून त्याने शाफ्ट उतरवला, जोडातली तांबूस भुकटी धुतली, नवं निपल लावून ग्रीस भरलं आणि खुणेला खूण जुळवून शाफ्ट चढवला. पुन्हा फेरी, पुन्हा ब्रेक. पायाला काही लागलं नाही.

"गेला का?" त्याने विचारलं.

"मला काय विचारता? कानसेन तुम्ही!"

"मला तो आधीही ऐकू येत नव्हता."

मेहुण्याने गाडी कडेला घेतली. "म्हणून क्रॉस बदललात?"

"म्हणूनच."

"मालकाला कळलं तर?"

"आज मीच सांगतो. पुन्हा कुणाची गाडी अंदाजाने उघडायची नाही मला."

मेहुण्याने इंजिन बंद केलं. मग मेकॅनिकच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, "गेला ठोका, भावोजी!"

"ओरडू नकोस. तेवढं येतं ऐकू."