वरचे काका आणि ओळींमधली जागा

मोकळ्या जागेवर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या चंदीगडात सापडणार नाही. हवाई दलातून निवृत्त झालेले काका दोरीवरच्या दोन सदऱ्यांत चार बोटं अंतर नसेल तर सगळे कपडे उतरवून पुन्हा वाळत घालत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या एकांकिकेची संहिता तेच टाइप करत, तीही कॉम्प्युटरला आज्ञा लिहून. 'थांबा' लिहिलं की दोन संवादांमध्ये एक ओळ मोकळी सुटे, 'मोठा थांबा' लिहिलं की तीन. ही मोकळी ओळ किती उंच, ते फाइलच्या डोक्यावरचा एक आकडा ठरवी. नटांनी जेवढी जागा दिसेल तेवढं गप्प राहायचं, असा नियमच होता. "अंकल, इतना खाली क्यों छोड़ा है?" असं इथं वाढलेल्या एका मुलीनं विचारलं, तर म्हणाले, "खाली नहीं है बेटा, वहाँ रुकना है."

दोन वर्षांपूर्वी काकू न्यूमोनियातून उठल्या होत्या. चार वाक्यं सलग बोलल्या की धाप लागे, तरी आईची भूमिका मीच करणार म्हणून हटून बसल्या. त्यांना झेपेल का, याची सगळ्यांनाच धास्ती. आणि मी, मंडळाचा प्रॉम्प्टर, पानं उलटून कंटाळलेला! काकांनी फाइल पाठवली तेव्हा मी तो आकडा गुपचूप निम्मा केला. छत्तीस पानांची चोवीस झाली. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

तालमीत सगळे सुसाट सुटले. दुसऱ्याच प्रवेशात काकू छातीवर हात ठेवून मटकन खाली बसल्या. काकांनी माझ्या हातातली संहिता घेतली, खिशातून पट्टी काढून दोन ओळींमधलं अंतर मोजलं. मी कबुली दिली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "अहो, तिथं ती श्वास घेते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

छत्तीस पानं परत आली. प्रयोगाला काका विंगेत माझ्याशेजारी उभे, ओळींवरून बोट फिरवत. प्रत्येक मोकळ्या जागेपाशी तिकडे काकू श्वास घेत, इकडे काका; मधल्या वाक्यांना ते श्वास रोखून धरत. टाळ्या पडल्या तेव्हा काकू टवटवीत होत्या आणि धाप काकांना लागली होती. मी त्यांना स्टुलावर बसवून पाणी दिलं.

गेल्या वर्षी दोघं मुलीकडे नाशिकला राहायला गेली. काकू आता तिथल्या मंडळात काम करतात म्हणे. मी अजून प्रॉम्प्टिंग करतो, पण विंगेत एकटं उभं राहायचं माझ्या जिवावर येतं.